आखूड हाताची मागणी

छोट्या लोडरची मागची दोन्ही चाकं जमीन सोडून वर आली, तेव्हा धाकटीच्या तोंडून किंकाळीसुद्धा फुटली नाही. केबिनसकट ती पुढे झुकली, पट्टा पोटात रुतला, आणि समोर माती उचलायच्या बकेटच्या दाताला साखळीनं टांगलेलं संत्र्याचं झाड लाकडी खोक्यासकट झोके घ्यायला लागलं. झाड काही रोपटं नव्हतं. चांगलं वयात आलेलं, फळांनी लगडलेलं, आणि खोक्यातल्या ओल्या मातीसह टनाच्या घरात गेलेलं. धाकटीचे दोन्ही हात दांड्यांवर गोठले होते. सोडावं की धरावं, काही सुचेना.

तेवढ्यात कुंपणावरून कुणीतरी उडी मारली.

"खाली घ्या! झाड खाली घ्या! हळू... झटका नको!"

पुढच्याच क्षणी लोडरच्या मागच्या बाजूला धप्पकन काहीतरी आदळलं आणि चाकं जमिनीला टेकली. धाकटीनं श्वास कोंडून दांडी ढकलली. झाड खाली बसलं. इंजिन बंद झालं. मग कुठे तिनं मान वळवून पाहिलं, तर एक तरुण लोडरच्या मागच्या झाकणाला पालीसारखा चिकटलेला!

ती खाली उतरली. तोही उतरला.

"तुमचं वजन किती आहे?" तिनं विचारलं. भेदरलेल्या माणसाच्या तोंडून काय निघेल, याचा काही नेम नसतो.

"अं?"

"म्हणजे... माझी चाकं खाली आली ना, म्हणून विचारलं."

"माझं विचारण्यापेक्षा झाडाचं विचारायचं होतं," तो पँटवरची माती झटकत म्हणाला, "आणि उचलायच्या आधी विचारायचं होतं."

आता एखाद्यानं जीव वाचवल्यावर त्याचे आभार मानतात. धाकटीला राग आला. "तुम्ही तरी काय शहाणपणा केलात? गाडी उलटली असती तर? खालीच सापडला असतात!"

"खरंय. शहाणा माणूस लांब पळाला असता."

"मग तुम्ही का नाही पळालात?"

"केबिनमध्ये तुम्ही दिसलात ना—" तो बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच दचकला. मग उगीचच बकेटचे दात मोजायला लागला.

धाकटीचं काळीज अजून धडधडत होतं. ते लोडरमुळे, असं तिनं स्वतःला सांगितलं.

ती बाग मोठ्या झाडांची होती. लोक घर बांधतात, अंगण करतात, आणि मग सावली लगेच हवी म्हणतात. अशांसाठी तिच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, वर्षानुवर्षं खोक्यांमध्ये झाडं मोठी केली होती. पुढे आप्पांच्या कमरेनं दगा दिला. थोरली बहीण लग्न होऊन गेली होती. त्यामुळे बाग, लोडर आणि आप्पांचा आरडाओरडा, सगळं धाकटीच्या गळ्यात पडलं. ते तिला आवडतही होतं. अंगानं एवढीशी, पण लोडरवर बसली की माळीकाकासुद्धा बाजूला व्हायचे. नुकतंच तिनं इस्पितळाच्या नव्या इमारतीभोवती झाडं लावायचं काम मिळवलं होतं. झाडं बुटक्या भिंतीवरून पलीकडच्या खड्ड्यांत उतरवायची होती, आणि बकेटला साखळी बांधून ते होणार नाही, हे आज चाकांनीच सांगितलं होतं.

आणि कुंपणावरून आलेला हा प्राणी? लोडरच्या जोडणीचं सामान विकणाऱ्या दुकानात तो कामाला होता. शेजारच्या आवारात एका लोडरला झाडू बसवायला आला होता.

"तुम्हाला बूम हवा," तो म्हणाला. "बकेट काढायची, त्या जागी बूम अडकवायचा. टोकाला हुक. हुकाला पट्टा, पट्ट्याला झाड."

दाराशी खुर्चीत बसलेल्या आप्पांनी हा सगळा प्रकार बघितला होता आणि त्यांचा चेहरा अजून पांढराफटक होता. तशातही ते म्हणाले, "म्हणजे लोडरला हात बसवायचा, असं म्हण की!"

झालं. त्या दिवसापासून बागेत बूम हा शब्द कुणी उच्चारला नाही. तो 'हात' झाला, आणि तो तरुण झाला 'हातवाला'.

हातवाला दुसऱ्या दिवशी आला. लोडरची पुढची प्लेट, जिला बकेट अडकवतात ती, मोजून गेला. नंतर पुन्हा आला आणि पुन्हा मोजली.

"परवाच मोजली होती ना?" धाकटीनं विचारलं.

"जुन्या प्लेटा झिजलेल्या असतात," तो गंभीरपणे म्हणाला. "एकदा मोजून भागत नाही. जरा ते टोक धरता?"

तिनं टेपचं टोक धरलं. त्यानं दुसरं टोक धरलं. टेप ताणली गेली, मग का कोण जाणे त्याच्या हातून सुटली आणि सर्रकन धाकटीच्या बोटांवर येऊन आपटली.

"आई गं!"

"लागलं? बघू—" तिचा हात हातात घेऊन तो बघायला लागला. बोट जरासं लाल झालं होतं. त्यानं त्यावर फुंकर घातली. मग दोघांनाही एकदमच कळलं की आपण काय करतोय. हात सुटले. माळीकाका पाण्याची नळी झाडाऐवजी स्वतःच्या बुटांवर धरून उभे होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

धाकटीला लांब हात हवा होता. हवा तेवढा पुढे काढता येणारा, आत घेता येणारा. भिंतीच्या अलीकडे गाडी उभी करायची आणि पलीकडे झाड सोडायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. हातवाल्यानं मान हलवली. मग त्यानं पाण्यानं भरलेली झारी तिच्या हातात दिली.

"छातीशी धरा. जड वाटतेय?"

"नाही."

"आता हात सरळ पुढे करा. आणखी. धरून ठेवा."

तिचा दंड थरथरायला लागला. झारीतलं पाणी डुचमळून त्याच्या शर्टावर उडालं. तो हलला नाही.

"दुखतोय," ती म्हणाली.

"लोडरलाही दुखतं. फक्त तो सांगत नाही. सरळ तोंडावर पडतो." त्यानं झारी तिच्या हातून घेतली. "हुक जितका पुढे, तितकं उचलणं कमी. त्यातून हाताचं स्वतःचं वजनही वजा. लांब हात घेतलात तर निम्मी ताकद तो हातच खाऊन टाकेल."

"काही माणसं असतात तशी."

"कुठली?"

"लांबलचक बोलणारी. काम कमी, भाषण जास्त."

"मी?" तो थक्क झाला. "मी तर दिवसभर कुणाशी बोलत नाही हो! दुकानात मला मुका म्हणतात."

हे ऐकून थक्क व्हायची पाळी धाकटीची होती. मुका? हा? तिच्या बागेत पाऊल टाकल्यापासून तर याच्या तोंडाला खंड नव्हता!

खरं सांगायचं तर झारी खाली ठेवली तेव्हाच धाकटीला पटलं होतं. आखूड हातच बरोबर; बकेटपेक्षा हलका, आणि हुक तिच्या दातांपेक्षा गाडीजवळ. गाडी भिंतीला चिकटवून उभी करायची, झाड छातीशी धरल्यासारखं जवळ धरायचं आणि अलगद पलीकडे सोडायचं. पण पटलं म्हणून सांगितलं की संपलं! हात निवडला की हातवाल्याचं येणं बंद. हा एवढा साधा हिशेब तिला कळला. आपण एका लोखंडी दांड्याच्या निमित्तानं इतक्या खोल पाण्यात कधी शिरलो? तिचा स्वतःवर विश्वास बसेना.

मग तिला शंका यायला लागल्या. हुकाला कडी असते का? कडीची स्प्रिंग गंजली तर? हात कललेला चांगला की सरळ? पट्टा सरकणार नाही ना? प्रेमात पडलेल्या माणसाला शंका फार. आणि हातवाला तरी काय, प्रत्येक शंकेचं उत्तर फोनवर देता येत असताना स्वतः येऊन द्यायचा. कधी सकाळच्या दवात, कधी पाण्याचे फवारे चालू असताना. फवाऱ्याचे थेंब त्याच्या पापण्यांवर बसायचे आणि बोलता बोलता तो ते पुसायचा विसरायचा.

"अगं, एवढ्या चौकशीत लोकांची लग्नं ठरतात," आप्पा एक दिवस वैतागून म्हणाले. "इस्पितळवाले थांबणार आहेत का तुझ्यासाठी?"

धाकटी दचकली. त्या दिवशी हातवाल्यानं निघताना विचारलं, "मग... पटतंय का तुम्हाला?"

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. इतक्या हळू की तिचं तिलाच ऐकू आलं नसेल. त्याला मात्र आलं. तो फाटकापर्यंत गेला, फाटकाला धडकला, आणि 'माफ करा' असं फाटकाला म्हणून निघून गेला.

आता आत्याचं सांगायला हवं. आत्या म्हणजे आप्पांची लहान बहीण, या घराची खरी मालकीण. थोरलीच्या बाळंतपणासाठी ती तिच्याकडे जाऊन राहिली होती. परतली ती नेमकी याच वेळी. बॅग खाली ठेवायच्या आत माळीकाकांनी तिच्या कानात सांगितलं, "तुम्ही नव्हता ना, तेव्हापासून एक मुलगा येतोय. रोज." हे सांगताना त्यांनी डोळाही मिचकावला असावा. मुलगा काय विकतो, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातला फोन वाजला. आप्पा डुलकी काढत होते. आत्यानं उचलला.

"आप्पा आहेत का? जरा हाताबद्दल बोलायचं होतं."

"हा... हाताबद्दल?" आत्या खुर्चीत बसली.

"हो. धाकट्या ताईंशी माझं सगळं बोलणं झालंय. त्यांचा होकार आहे. फक्त आप्पांनी हो म्हणायचं राहिलंय. आज संध्याकाळी येतो आणि मागणी पक्की करून टाकतो. उशीर केला तर दुसरीकडे जाईल हो."

"दुसरीकडे?"

"मागे लागलेत ना लोक. पण मी म्हटलं, आधी तुमचा हक्क."

आत्यानं फोन ठेवला तेव्हा ती घामानं भिजली होती. तिनं आधी आप्पांना हलवून जागं केलं, मग थेट बागेत गेली. धाकटी कोपरापर्यंत मातीत होती.

"तुला मागणी आलीय," आत्या म्हणाली. "त्या रोज येणाऱ्या मुलाकडून. संध्याकाळी येतोय. आणि तू होकार देऊन बसलीयस म्हणे! आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

धाकटीच्या हातातलं खुरपं खाली पडलं. ती आ वासून आत्याकडे बघत राहिली.

"मी? होकार? कधी?"

आणि मग तिला आठवलं. 'पटतंय का तुम्हाला?' 'तुम्ही म्हणाल तसं.' म्हणजे... म्हणजे तो तेव्हा हे विचारत होता? लोडरचं नव्हतंच ते? तिनं त्याचं एकेक वाक्य आठवून उलटंपालटं करून पाहिलं, आणि आता प्रत्येक वाक्यात तिला वेगळंच काहीतरी सापडायला लागलं. 'हुक जितका पुढे तितकं उचलणं कमी' यातसुद्धा! तिला धक्का बसला होता, हसू येत होतं, रडू येत होतं. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट लख्ख होती. तिला आनंद झाला होता. इतका, की तिला त्याची भीती वाटली.

तिनं घाईघाईनं अंघोळ केली, केस धुतले. ते वाळायच्या आत फाटक वाजलं.

हातवाला कामाच्या कपड्यांतच आला. हाताला ग्रीस, खांद्यावर एक जड पिशवी. बैठकीतल्या खुर्च्या झाडूनपुसून ओळीनं मांडलेल्या पाहून तो जरा गोंधळला. आप्पा ताठ बसले होते. आत्या त्यांच्या शेजारी. माळीकाका दारात. धाकटी आतल्या दाराच्या आड उभी होती आणि तिला स्वतःच्या श्वासाचाही आवाज मोठा वाटत होता.

"घरी कोण कोण असतं?" आत्यानं सुरुवात केली.

"आई असते," तो बुचकळ्यात पडून म्हणाला. मग कामाचं बोलावं म्हणून आप्पांकडे वळला. "तर मी काय म्हणत होतो, लांबी जरा कमी आहे हे खरं—"

"उंची म्हण," आत्या ताडकन म्हणाली. "आणि आमच्यात सगळ्यांचीच कमी आहे."

"हो? बरं... उंची. पण मजबुतीचं म्हणाल तर जन्मभर बघायला नको. रंग तेवढा उन्हात राहून जरा उतरलाय."

आत्याचे डोळे विस्फारले. "रंग? तू... तू तोंडावर रंग काढतोस?"

"तुमच्यापासून कशाला लपवायचं? पण रंगाकडे बघून कुणी वजन उचलत नाही."

"व... वजन?"

"टनभर सहज!" हातवाला अभिमानानं म्हणाला. "आणि समजा नाहीच पटलं, तर महिन्याभरात परत करायची सोय आहे."

"परत करायची?" आत्या उभीच राहिली. "दादा, ऐकताय ना? महिन्याभरात परत! अरे माणसं आहोत की कोण आहोत आम्ही?"

हातवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला माल बघितल्याशिवाय विश्वास बसत नसेल. त्यानं पिशवीत हात घातला आणि भला मोठा लोखंडी हुक काढून आप्पांच्या मांडीवर ठेवला.

"हे... काय आहे?" आप्पांनी विचारलं.

"हुक. हाताचा. लोडरच्या हाताचा हुक."

माळीकाका फुटले. ते दाराची चौकट धरून असे हसायला लागले की त्यांना ठसकाच लागला. आप्पांच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला, पण पडला, तेव्हा हुकही हलायला लागला. आत्यानं डोक्याला हात लावला. "अरे देवा! मग ती मागणी, ती मागणी कसली रे?"

"मालाची," हातवाला म्हणाला. आणि मग त्याला कळलं. मांडलेल्या खुर्च्या, आत्याचे प्रश्न, आणि दाराआडून बाहेर आलेली, ओल्या केसांची धाकटी. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

"छे! छे छे, तसं काही नाही!" तो जवळजवळ ओरडलाच. "माझ्या मनातसुद्धा... म्हणजे मी फक्त हात... तसं काहीच नाही!"

सगळे हसत होते म्हणून धाकटीही हसली. कुणाला काही कळू नये एवढं तरी तिला करायलाच हवं होतं. पण आतून ती मोडली. अर्धा दिवस तिनं खरं मानलं होतं सगळं. आणि हा माणूस तर चौकशी आटपायला आला होता. माल विकायचा, मोकळं व्हायचं.

"हात आणलाय ना?" तिनं विचारलं. आवाज सरळ ठेवला. "मग बसवून जा. पसंत आहे. उद्यापासून यायची गरज नाही."

तो काहीतरी बोलणार होता. त्याचे ओठ हललेही. पण दुकानात त्याला मुका का म्हणतात, ते त्या संध्याकाळी सगळ्यांना दिसलं. त्यानं गाडीतून बूम उतरवला, लोडरला जोडला, तो पक्का धरणाऱ्या खिळी ठोकून पाहिल्या आणि गेला.

इस्पितळाचं काम ठरल्याप्रमाणे झालं. गाडी भिंतीला चिकटवली की आखूड हात झाडाला अलगद उचलायचा, पलीकडे न्यायचा आणि खड्ड्यात ठेवायचा. चाकं एकदाही वर आली नाहीत. इस्पितळातली माणसं खिडक्यांत येऊन बघत राहायची. आप्पा खूश, माळीकाका खूश. धाकटीला मात्र तो हात डोळ्यांसमोर नको झाला. मेला इतका चांगला, की हातवाल्याला बोलवावं म्हटलं तर एक खीळसुद्धा ढिली होईना!

शेवटी तिनंच एक खीळ काढली, पिशवीत टाकली आणि दुकान गाठलं.

दुकानाच्या मालकीणबाईंनी खीळ चष्म्याजवळ धरून उलटसुलट पाहिली. "काय झालंय हिला?"

"ढिली आहे."

"ही? हिला काय धाड भरलीय? हत्ती टांगला तरी हलणार नाही." मग त्यांनी चष्म्यावरून धाकटीला नीट न्याहाळलं. "झाडांच्या बागेतून आलीस का तू?"

"हो."

"अस्सं. मग मला एक सांग, तुमच्या लोडरची प्लेट एवढी वाकडी आहे का गं?"

"वाकडी? नाही... का?"

"कारण आमच्या मुक्यानं ती किती वेळा मोजली, त्याला गणती नाही. अगं, प्लेट एकदा मोजली की झालं! आणि तो आखूड बूम? तो काय मागवायचा होता? पहिल्याच दिवशी इथे होता. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली दडवून ठेवला होता यानं. दुसऱ्या कुणी नेऊ नये, आणि तुला द्यायचीही वेळ येऊ नये! मला सापडला तेव्हा मी म्हटलं, आज विकतोस की मी विकू? तेव्हा कुठे याचा हात फोनकडे गेला." बाईंनी खीळ परत दिली. "तुमच्याकडून आला त्या दिवसापासून तोंड पाडून बसलाय. जेवतसुद्धा नाही धड. काय केलंत तुम्ही त्याला?"

मागच्या शेडकडे जायचा रस्ता कुठला, हे धाकटीनं खुणेनंच विचारलं.

तो शेडमध्ये एका बकेटला रंग देत होता. तिला पाहिलं आणि ब्रश रंगाच्या डब्यात बुडाला, दांड्यासकट.

"काय झालं? हात मोडला? कुणाला लागलं का?" तो धावतच आला.

"काही झालेलं नाही. ताडपत्री कुठली ते बघायला आलेय."

तो जागच्या जागी थांबला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"मला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं," धाकटी म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. "आखूडच हवा म्हणून. झारी धरली तेव्हाच. हुकाची कडी, स्प्रिंग, सगळ्या शंका खोट्या होत्या. तुम्ही यावं म्हणून विचारत होते."

"काय सांगता!" त्याचा विश्वासच बसेना. तो खरोखरच मागे सरकला आणि बकेटच्या ओल्या रंगावर बसला. "खोट्या? मी स्प्रिंगबद्दल माहिती काढायला रात्रभर जागलो होतो!"

"आणि त्या संध्याकाळी... मागणी आली असं मला वाटलं, तेव्हा मला आनंद झाला. इतका की मी केस धुतले. आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, तसं काही नाही. का म्हणालात?"

"घाबरलो हो. आप्पांच्या मांडीवर एवढा मोठा हुक होता..." तो म्हणाला. मग मान वर करून सरळ तिच्याकडे बघितलं. "नाही. ते खरं कारण नाही. ओले केस बघितले आणि वाटलं, ही माझ्यासाठी कशाला केस धुईल? दुसरंच काही कारण असेल. माझी छातीच झाली नाही. घरी गेलो आणि भिंतीला सांगितलं सगळं."

"काय सांगितलंत?"

"की मला ती आवडते. चाकं हवेत होती तेव्हापासून."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायचं सोडून ती हसायला लागली.

"भिंतीला सांगून काय उपयोग? माझ्या आत्याला सांगायला हवं," ती म्हणाली. "उठ. आत्ताच चल."

'उठ' ऐकून तो पुन्हा चाट पडला. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं! तो उठला, आणि पँटच्या मागे पिवळ्या रंगाचा हा मोठा पट्टा उठला होता, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. धाकटीनं पाहिलं आणि मुद्दाम सांगितलं नाही.

घरी पोचले तेव्हा उजेड होता. आप्पा नेहमीप्रमाणे दाराशी खुर्चीत पेंगत होते. आत्या वाळलेले कपडे काढत होती. फाटक वाजलं म्हणून तिनं वळून पाहिलं. धाकटी, आणि तिच्या मागून तो. पिशवी नाही, टेप नाही, हातात काहीच नाही. होता तो फक्त धाकटीचा हात, आणि तो काही केल्या सोडत नव्हता.

कपड्यांचा गठ्ठा तिथेच टाकून आत्यानं आप्पांचा खांदा हलवला.

"दादा, उठा. या वेळी खरा आलाय."